कॅप्टिव्हेटेडचा नारळ

सांगतो, सगळं सांगतो. पण एक अट आहे. माझ्या फजितीला हसा, माझ्या अकलेला हसू नका. फजिती झाली हे मी कबूल करतो. अक्कल चुकली हे मी आजही कबूल करत नाही! दासगावची माणसं काय वाटेल ते म्हणू देत, घरची म्हातारी तर रोजच म्हणते. मी आपला एकच सवाल विचारतो: माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

मी कुडपणचा, वर पठारावरचा. शाळेवर मी आयुष्यात दोनदा चढलो, दोन्ही वेळा कौलं चाळायला. स्वभावानं सावकाश. माझे बैलसुद्धा माझ्या आधी वळतात. म्हातारी म्हणते, "तुमी हो म्हणेस्तवर भात शिजून गार होतो." होऊ दे गार. गार भात कुणाचं तोंड भाजत नाही.

तर आमची नात रंजना. दहावी झालेली, कामाला वाघ, बोलायला गाय. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, मुंबईला गोदीत. त्यामुळे तिच्या लग्नाचं बघायचं काम माझ्याकडे. आणि त्या कामात मी तीन वेळा तोंडावर आपटलेलो.

तीन स्थळं येऊन गेली, तिन्हींनी नकार दिला. पण नकार कसा दिला? तेच तर सांगायचंय!

पहिल्यांनी पत्र धाडलं, "मुलगी साक्षात लक्ष्मी आहे. आपलं आदरातिथ्य जन्मभर लक्षात राहील. परंतु..." त्या परंतुच्या पुढं, पत्रिका जुळत नाही.

दुसऱ्यांनी लिहिलं, "अशी सुशील मुलगी शोधून सापडणार नाही." आणि पंधरा दिवसांत दुसरी शोधून लग्न उरकलं! मग सापडणार नाही म्हणून कशाला सांगितलंत?

तिसऱ्यांचं तर विचारूच नका. पानभर पत्र, आणि पानभर नुसते आमच्या घावण्यांचे गोडवे. किती पातळ, किती जाळीदार. मुलीचं नावच नाही! रंजनानं स्वतः ते पत्र मला वाचून दाखवलं. वाचलं, घडी घातली, आणि गोठ्यात गेली. बराच वेळ आलीच नाही. मी पुढ्यातलं ताट सरकवलं.

आता मला सांगा, माणूस यातनं काय शिकेल? आमच्या लग्नाच्या वेळी माझ्या बापानं सासऱ्याला निरोप धाडला होता, "पोर बरी हाय. आणा." संपलं. होकार नेहमी आखूड असतो हो! नकाराला मात्र शेपूट असतं, आणि त्या शेपटीला गोंडा असतो. गोड बोललं की समजायचं, माणूस चपला शोधतोय.

मी त्या दिवशी मनाशी ठरवलं. चौथा नकार या पोरीला वाचायला लावायचा नाही. पुढच्या खेपेला तशी चिन्हं दिसली, तर त्यांच्या आधी आपण जाऊन नकार द्यायचा. नाक वर करून!

मग चैत्रात दासगावचं स्थळ आलं. मुलगा दीपक, महाडजवळच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला. आई-वडील साधे, नदीकाठी शेती. घाट चढून, पुढं पठारापर्यंत चालून आली बिचारी. मुलाच्या आईनं रंजनाची ओटी भरली, खण-नारळ दिला.

पण मुलगा! एक अक्षर बोलेना. "काम काय करतोस?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "हो." समोर घावणे ठेवले, तर नुसता ताटलीकडे बघत बसला. चहावर साय आली. जाताना पायात माझ्या चपला घालून निघाला, पन्नास पावलांवरनं त्याच्या बापानं परत पाठवला. मी म्हातारीला म्हटलं, "ह्याला काय आवडलेलं दिसत नाय. घावणं तोंडात घातलान नाय."

"जरा दम धरा की," म्हातारी म्हणाली.

दम धरला. आठ दिवसांनी पत्र आलं. मुलाच्या हातचं. रंजना वाचायला बसली.

"तीर्थस्वरूप आजोबांना साष्टांग नमस्कार. त्या दिवशी आपल्या घरी आलो. खरं सांगायचं तर मी..." आणि थांबली.

"पुढं वाच की गो."

"इंग्रजी हाय काय तरी. कॅप्टिव्हेटेड. 'मी कॅप्टिव्हेटेड झालो. पुढचं आपण आणि आमच्या वडिलांनी ठरवावं.' बस, एवढंच."

"म्हंजे काय?"

"मला नाय ठावं," म्हणाली आणि पत्र माझ्या मांडीवर टाकून आत पळाली. आत म्हणजे कुठं? गोठ्यात!

झालं! मागच्या खेपेला पण गोठाच.

शेजारी गोविंद राहायचा. मुंबईला बारा वर्षं हॉटेलात काढून परत आलेला. बारा वर्षं मुंबईला राहिलेला माणूस "नाय ठावं" असं कधी म्हणेल का? त्यानं पत्र उलटं धरलं, सुलटं धरलं.

"सिंपल हाय, आजा. कॅप्टिव्हेटेड म्हंजे अटकलेला."

"कुठं अटकला?"

"दुसरीकडं. मुंबईत असंच बोलतात. लफडं असंल."

"अरे, मग तसं मराठीत लिवायला काय झालं त्याला?"

"आजा, शरमेच्या गोष्टी लोक इंग्लिशमधेच बोलतात."

आता हा गोविंद म्हणजे आमच्या पठारावरचा एक नंबरचा थापाड्या. पण हे शेवटचं वाक्य मात्र माझ्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पिशवीत पत्र, आणि त्यांनी ओटीत दिलेला खण-नारळ. म्हातारीनं विचारलं, "ओटीचा नारळ कुठं नेताय?" म्हटलं, "अर्थ चांगला निघाला तर परत आणीन." रंजनाला काही सांगितलं नाही. फोन करायचा तर तेव्हा पोलादपुरातच, काचेच्या पेटीत उभं राहून. आणि असल्या गोष्टी पेटीत उभं राहून बोलायच्या असतात का?

डोंगर उतरलो, एसटी धरली, पोलादपूर गाठलं. औषधाच्या दुकानातला माणूस दिवसभर इंग्रजी वाचतो, म्हणून त्याच्यापुढं पत्र ठेवलं. बोट ठेवून दाखवलं. "हे झालंय पोराला."

त्यानं वाचलं, हसला. "आजोबा, यावर गोळी नाही माझ्याकडे."

"इतकं वाईट हाय?"

"वाईट नाही हो. कसं सांगू... शब्द माहीत आहे, नेमकं मराठी सुचत नाही. महाडला आमचे जुने मास्तर आहेत, त्यांच्याकडे मोठा कोश आहे. त्यांनाच विचारा."

म्हणजे बघा! शब्द कळणाऱ्याला सांगता येईना, आणि न कळणारा गोविंद घडाघडा सांगून मोकळा!

महाडला मास्तरांचं घर सापडेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. मास्तर निवृत्त, सत्तरीचे, बोलणं पुस्तकासारखं. त्यांनी उशीएवढा ग्रंथ काढला, चष्मा पुसला, पानं उलटली. "हं. मोहित. मुग्ध. मन वेधलं गेलेला. भुरळ पडलेला. बघा, किती सुरेख छटा आहेत!"

"छटा राहू देत मास्तर. कशानं झालाय ते लिवलंय का?"

मास्तरांनी पत्र पुन्हा वाचलं. "ते नाही लिहिलेलं. 'आपल्या घरी आलो' आणि 'मुग्ध झालो', एवढंच आहे."

"म्हंजे घरानं झाला का पोरीनं, का घावण्यानं?"

"घावणे?"

मी त्यांना मागची तिन्ही पत्रं तोंडपाठ म्हणून दाखवली. लक्ष्मी, सुशील, जाळीदार. मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, "आजोबा, तुम्ही फार खोलात शिरताय. अर्थ सरळ आहे. त्याला आवडलं."

"आवडलं तर 'पसंत हाय' म्हणतात. दोन शब्द. हा माणूस कोशात बघायला लागंल इतका गोड शब्द शोधून काढतो, ते कशाला? मास्तर, शब्दाचा अर्थ तुम्हाला कळला. पत्राचा मला कळला."

मास्तर काहीतरी बोलत होते, पण मी उठलो. मी एकदा उठलो की बसत नाही, कारण उठायलाच मला इतका वेळ लागतो.

दासगावला उतरलो तेव्हा दुपार टळत होती. खालचं ते ऊन, नदीकाठचा दमट उकाडा, आम्हा डोंगरातल्या माणसांना सोसत नाही. घशाला कोरड पडलेली. पण मान ताठ! वाटेत बोलणं जुळवत आलो होतो: "आम्ही गरीब असू, अडाणी असू. पण आमची पोर काय जत्रेतलं खेळणं नाय, यावं, बघावं, वाहवा करावी आन् खाली ठेवून जावं." बरं होतं ना? मला तर फार आवडलं होतं.

मुलाची आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून सूप टाकून उठली. "अगोबाई, कुडपणचे आजोबा! अहो, बाहेर या! आजोबा आलेत!" आणि आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आली. गार पाणी. भांड्याला बाहेरून घाम आलेला. डोळ्यांनीच प्यावं असं पाणी!

मी तोंड फिरवलं. म्हटलं, "पाणी नको. या घरचं पाणी मी पिणार नाय."

बाई जागच्या जागी थांबल्या. मला वाटलं, लागला घाव. बघतो तर त्यांच्या डोळ्यांत पाणी!

"अहो, ऐकलंत का?" त्या ओरडल्या. "आजोबा आपल्याकडचं पाणी घेत नाहीत!"

मुलाचे वडील धोतर सावरत बाहेर आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मग ठरलं म्हणायचं!"

तुमच्या ध्यानात आलं का? माझ्या आलं नाही! लेक ज्या घरी द्यायची, त्या घरचं पाणी लेकीकडच्या वडीलधाऱ्यानं प्यायचं नाही, तिला मूल होईपर्यंत. रीतच आहे ती. माझ्या बापानं पाळली, मी पाळली. आणि मी त्यांच्या ओट्यावर उभा राहून, खणखणीत आवाजात, तेच म्हणालो होतो!

"थांबा," मी म्हटलं. "मी काय म्हणतो..."

"म्हणा की. सावकाश म्हणा."

सावकाशच म्हणत होतो, तीच तर पंचाईत! मी पिशवीतनं खण-नारळ काढला आणि उंबऱ्यावर ठेवला. "हा घ्या तुमचा..." एवढं म्हणेपर्यंत बाईंनी नारळ उचलून कपाळाला लावला. "लेकीकडचा नारळ आला हो!" म्हणत आत देवाकडे पळाल्या.

"अवो, तो तुमचाच हाय!"

"आता तुमचं आमचं काय राहिलं, आजोबा?" वडील म्हणाले. "आमचं काही मागणं नाही. मुलगी आणि नारळ, बस."

शेजारणी जमल्या. कुणीतरी वाटीत साखर आणली. मी ओठ घट्ट मिटले.

"साखरसुद्धा नाही!" एक म्हातारी दुसरीला म्हणाली. "डोंगरातली माणसं बघ कशी रीत धरून असतात. नाहीतर आपल्याकडे, चहा पितात आणि पुड्या बांधून नेतात!"

आता माझा धीर सुटला. जुळवलेलं भाषण, ते जत्रेतलं खेळणं, सगळं विसरलो. जन्मात कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो.

"मी नकार द्यायला आलोय!"

आणि त्याच वेळी आतनं आवाज आला, फट्ट! नारळ फुटला.

ओट्यावर असं सामसूम झालं, की सुपातले तांदूळ वेचणाऱ्या चिमणीचे पाय वाजत होते. मुलाच्या वडिलांचा चेहरा पडला. "आमचं काय चुकलं, आजोबा?" एवढंच म्हणाले. बाई आतनं नारळाची दोन भकलं हातात घेऊन आल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या.

खरं सांगू? मला वाटलं होतं, असं केलं की छाती फुगेल. फुगली नाही. पण मागं हटेल तो मी नव्हे! पत्र काढून पुढं धरलं. "हे तुमच्या पोरानं लिवलान. गोड बोलून नाय म्हणतोय. ते माझ्या नातीनं ऐकायच्या आधी मी नाय म्हणून टाकतोय."

तेवढ्यात दीपक आला, कारखान्यातनं, सायकल हातात धरून. गर्दी बघितली, मला बघितलं, माझ्या हातातलं पत्र बघितलं, आणि कानांपर्यंत लाल झाला.

"काय रे," मी विचारलं, "कशानं झालास तू हे?"

"हे म्हणजे?"

"हेच. मोहित, मुग्ध, भुरळ. सगळं ठावं हाय मला. मास्तरांकडनं आलोय. घावण्यानं झालास का?"

"घावणं मी खाल्लंच नाही, आजोबा."

"ते बघितलं मी! म्हणून तर म्हणतोय!"

"खाणं सुधरलंच नाही," तो सायकलच्या घंटीकडे बघत म्हणाला. "समोर ती उभी होती. तुम्ही काय विचारत होतात तेसुद्धा ऐकू येत नव्हतं. गेले आठ दिवस कारखान्यात मी चुकीच्या बाटलीला चुकीची चिठ्ठी लावतोय. साहेबांनी विचारलं, बरं नाही का म्हणून."

शेजारणी खुदखुदायला लागल्या. बाप जमिनीकडे बघायला लागला.

"मग 'मुलगी पसंत हाय' असं का नाय लिवलंस?"

"पसंत काय, आजोबा? पसंत तर भाजी करतात. हे तेवढंसं नव्हतं."

"मग मराठीत जे हाय ते लिवायचं!"

"चार कागद फाडले. मराठीत लिहिलं की उघडंच पडतं सगळं. आणि तुम्हाला वाचून कोण दाखवणार? तीच ना? ती तुमच्यापुढं बसून ते मोठ्यानं कसं वाचणार?"

शरमेच्या गोष्टी लोक इंग्रजीत बोलतात, हे गोविंद म्हणाला होता ते खरंच होतं. फक्त शरम कसली, ते त्या गाढवाला कळलं नव्हतं. आणि मला तरी कुठं? पोरगी गोठ्यात पळाली, ती मागच्या खेपेसारखी रडायलाच, हे मी घरबसल्या ठरवून टाकलं होतं. गोठ्यात डोकावून बघितलं असतं तर महाडपर्यंत जायला लागलं नसतं.

पण म्हणून मी हार मानली का? अजिबात नाही! म्हटलं, "तुमचा तो शब्द आखूड करा. आमच्याकडं त्याला 'जीव जडला' म्हणतात. त्यात लपवायचं काय? तीन अक्षरं लिवायची, 'जीव जडला', आन् खाली सही."

"तीन नाहीत, आजोबा, पाच होतात," कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं.

"अक्षरं मोजायला मी शाळेत गेलेलो नाय!" मी म्हटलं. "तर आता ऐका. नकार मी परत घेतो. पण चूक माझी नाय. तुमचीच. हो म्हणायचं असंल तर माणसानं रोखठोक म्हणावं."

"म्हणतो," दीपक म्हणाला. मान वर करून, सगळ्यांसमोर, आई-बापासमोर म्हणाला, "मुलगी पसंत आहे. आणा."

ओट्यावर हशा पिकला. बाईंनी डोळे पुसले आणि खोबऱ्याचा तुकडा कापला. आणि मला सगळ्यात आधी काय आठवलं असेल? तो तांब्या! तिथंच खांबाशी होता. घसा असा सुकलेला, की बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. मी हात पुढं केला.

मुलाच्या वडिलांनी तांब्या उचलला आणि अदबीनं आत नेऊन ठेवला. "माफ करा हं, आजोबा. तुमच्यासमोर राहिलाच."

आता बोला! रागानं पाणी नाकारलं तेव्हा त्यांनी हातावर ठेवलं होतं. राग गेला, तर रीत आडवी आली! दीपक थांब्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "आजोबा, समोर टपरी आहे, तिथलं तरी घ्या. ती आमची नाही."

"गाव तर तुमचंच हाय ना?" मी म्हटलं. "आमच्यात गावचं पण पीत नाय." मोडेन पण वाकणार नाही! तसाच कोरडा महाडला आलो, आणि स्टँडवरच्या नळाला तोंड लावलं ते मागची रांग शिव्या द्यायला लागेपर्यंत काढलं नाही.

घरी पोचल्यावर रंजनानं खाली बघत विचारलं, "आजा, कळला का अर्थ?"

"कळला," मी म्हटलं. "दासगावला समक्ष जाऊन इचारला. वैशाखात लग्न हाय."

ती पुन्हा गोठ्यात पळाली. या खेपेला मी डोकावून बघितलं. म्हशीच्या गळ्यात पडून हसत होती.

पुढचं काय विचारता? पुढची दोन वर्षं! सण झाला, वार झाला, दासगावला जायचं तर डोंगरावरनं पाण्याची बाटली घेऊन जायची, आणि ती महाडातच संपायची. दर खेपेला त्यांच्या ओट्यावर कोरडा बसायचो आणि सांगायचो, "रीत ती रीत!" लोक मला आधी कुडपणचे आजोबा म्हणायचे, मग कॅप्टिव्हेटेड आजोबा म्हणायला लागले. म्हणू देत!

आणि मग रंजना बाळंतपणाला आमच्याकडे आली. पोलादपूरच्या दवाखान्यात नेली. मी दारात बसलेलो. सकाळी नर्सबाई बाहेर आल्या. "आजोबा, सुटली तुमची नात. सुखरूप आहे. आणि..."

त्या "आणि"ला मी थांबलोच नाही. जन्मात पहिल्यांदा धावलो. मिळेल ती एसटी धरली, दासगावला उतरलो. लांबूनच हाक मारली, "झालं हो, झालं!" व्याही, विहीणबाई, दीपक, सगळे ओट्यावर धावत आले. "काय झालं, आजोबा? काय झालं?"

"आधी पाणी आणा!"

तांब्या आला. एक तांब्या प्यालो, दुसरा प्यालो, तिसरा अर्धा डोक्यावर ओतला. दोन वर्षांची तहान हो! सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मिशा पुसल्या, भिंतीला टेकलो.

"आता तरी सांगा," दीपक रडकुंडीला आला. "मुलगा की मुलगी?"

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ते ऐकायचं राहूनच गेलंय.